पदाचा गोतावळा

भजनी मंडळाची वही बहुधा पखवाजाच्या गवसणीतच ठेवलेली असते. पुठ्ठ्याला कापडी पट्टी, पानांच्या कोपऱ्यांवर बुक्क्याचे डाग आणि अक्षरांच्या दोन-तीन पिढ्या. आजोबांचे टाकाने काढलेले गोल अक्षर, मग निळी शाई, मग बॉलपेन. हरिपाठ संपला की पुढच्या पानांवर एकेका रचनेच्या डोक्यावर तिची जात लिहिलेली असते. कुठे 'अभंग', कुठे 'गौळण', कुठे 'भारूड'. यांपैकी कशातच न बसणाऱ्या रचनेवर 'पद' लिहितात आणि खाली 'चाल' म्हणून एखाद्या जुन्या सिनेमातल्या गाण्याचा मुखडा. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात अशा वह्या सापडतील. त्या चाळणाऱ्याला वाटावे की पद म्हणजे उरलेसुरले; ज्याला दुसरे नाव नाही ते.

खरे तर 'अभंग' हे एका छंदाचे नाव आहे आणि मराठीबाहेर ते फारसे गेले नाही. 'पद' मात्र पंजाबपासून केरळपर्यंत आणि गुजरातपासून बंगालपर्यंत चालते, आणि बहुतेक ठिकाणी अर्थही तोच ठेवते: गायचे, शब्दांचे, कुणाच्या तरी नावाची मोहोर असलेले गाणे. एवढा मोठा गोतावळा असलेल्या शब्दाला त्याच्या माहेरच्या वहीत मात्र सांदीकोपरा मिळावा, हे जरा विचित्रच आहे.

या शब्दाची सुरुवातही मजेची आहे. पद हे आधी गाण्याचे नाव नव्हतेच. तो गाण्याचा एक हिस्सा होता. भरताच्या नाट्यशास्त्रात गांधर्वाची तीन अंगे सांगितली आहेत: स्वर, ताल आणि पद. पद म्हणजे गाण्यातला अक्षरांचा, शब्दांचा भाग. तेराव्या शतकात मराठवाड्यातच, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात प्रबंधाची सहा अंगे दिली आहेत: स्वर, बिरुद, पद, तेनक, पाट आणि ताल. बिरुद म्हणजे स्तुतीची विशेषणे, तेनक म्हणजे मंगल अक्षरे, पाट म्हणजे वाद्यांचे बोल. या सहांत अर्थ सांगण्याचे काम पदाकडे. पुढे कधीतरी या एका अंगाचे नाव अख्ख्या गाण्याला पडले. घरातल्या एका कर्त्या माणसाच्या नावाने सगळे घर ओळखले जावे, तसे हे झाले. पदाच्या पुढच्या सगळ्या कहाणीची किल्ली यातच आहे. गाण्यात शब्दांचा हक्क पहिला, असे जिथे मानले गेले तिथे 'पद' हे नाव टिकले. गळ्याने तो हक्क हिरावला, तिथे नाव बदलले.

अंबाजोगाईत हा हक्क एका माणसाने आयुष्यभर गाजवला. दासोपंत देशपांडे यांचा जन्म १५५१ सालचा, गाव नारायणपेठ. आज ते तेलंगणात आहे. वडील दिगंबरपंत बिदरच्या बरीदशाहीतले वतनदार. सारा थकला म्हणून सुलतानाने लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवले आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी दत्तप्रभूंनी परस्पर पैसे भरून त्यांना सोडवले, अशी कथा सांगतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला हे वळण ओळखीचे वाटेल. तिथेही बिदर, तिथेही सरकारी येणे आणि तिथेही ऐन वेळी भरणा करणारा देव. कथा बाजूला ठेवली तरी एवढे उरते की कानडी, तेलुगू, मराठी आणि दखनी बोलीचा जिथे रोज एकमेकींना धक्का लागतो, अशा मुलखात हा माणूस वाढला. मग अंबाजोगाईला येऊन राहिला आणि १६१५ साली तिथेच गेला. थोरले देवघर आणि धाकटे देवघर ही त्यांच्या घराण्याची दोन ठाणी गावात आजही आहेत.

दासोपंतांची ख्याती बहुतेकांना ऐकूनच असते, आणि ती आकड्यांची असते. 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा. आणि 'पासोडी'! कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी पंचीकरण हा वेदान्ताचा विषय चक्क कापडावर लिहिला. चोवीस हात लांब, अडीच हात रुंद जाडेभरडे वस्त्र, त्यावर आखलेल्या चौकटी, कोष्टके आणि सुमारे १६०० ओव्या. इतक्या लांब कापडावर लिहिणारा माणूस बसला तरी कसा असेल, कापड गुंडाळत गेला असेल की स्वतः सरकत गेला असेल, असा प्रश्न पासोडीची माहिती ऐकणाऱ्याच्या मनात हमखास येतो. या भव्यतेखाली 'पदार्णव' मात्र दबून गेला. अर्णव म्हणजे समुद्र. परंपरा पदांचा आकडाही सव्वा लाखच सांगते. हाती लागलेली पदे सोळाशेच्या घरातली. आकडा कमी झाला म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. त्या सोळाशेंपैकी किती गाता येतात, हे विचारणारे कमी.

आणि तोच प्रश्न खरा आहे, कारण ही पदे वाचायला लिहिलेली नाहीत. त्यांवर रागांची नावे घातलेली आहेत. धृपद आहे, कडवी आहेत, शेवटी 'दिगंबर' किंवा 'दिगंबरानुचर' अशी मुद्रा आहे. मराठीखेरीज कानडी, तेलुगू आणि हिंदीतही दासोपंतांनी पदे केली. ओवी लिहिताना त्यांनी मराठी धरली आणि पद लिहिताना भाषांची वेस ओलांडली, हे सहज घडलेले नाही. ओवीचा साचा मराठीचा होता. कानडी माणसापुढे मराठी ओवी ठेवली तर त्याला ती शिकावी लागली असती. पद त्याच्या घरी आधीपासून होते. त्याच काळात विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह 'किताब-ए-नवरस' मध्ये रागवार गीते दखनीत लिहीत होता. एक गादीवरचा सुलतान, दुसरा देवघरातला दत्तभक्त. दोघेही पानावर आधी रागाचे नाव लिहीत होते.

पदाची हाडे सगळीकडे सारखी. पहिले अंग पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीचे. मराठीत तिला धृपद म्हणतात, म्हणजे ध्रुवपद, न हलणारे. तिचे दुसरे नाव पालुपद. बोलण्यातही ते इतके रुळले आहे की रोज तेच रडगाणे गाणाऱ्याला 'याचे पालुपद सुरू झाले' असे म्हटले जाते. पालुपद ऐकताना कर्नाटक संगीतातली पल्लवी आठवल्यावाचून राहत नाही. नाते लावण्याचे काम व्युत्पत्तिकारांचे. हिंदीत हीच ओळ टेक होते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात तिच्यापुढे 'रहाउ' अशी खूण असते, म्हणजे इथे थांबा, इथे परत या. दुसरे अंग कवीच्या नावाचे. मराठीत नाममुद्रा, हिंदीत छाप, बंगालीत भणिता, कानडीत अंकित. छापखाना नव्हता तेव्हा लेखकाचा हक्क याच एका शब्दावर उभा होता. अर्थात त्यात चोरवाटाही होत्या. प्रसिद्ध नाव शेवटच्या ओळीत घातले की पद आपोआप चालू लागे. मीरा, कबीर आणि नामदेव यांच्या नावावरची कितीतरी पदे अशीच वाढलेली.

नामदेवांचे उदाहरण तर पदाच्या प्रवासाचा दाखलाच. पंढरपूरच्या या शिंप्याची मराठी रचना वारकऱ्यांच्या गळ्यात 'अभंग' आहे. त्यांची ६१ हिंदी पदे १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात रागवारीने घेतली गेली आणि तिथे ती 'शबद' झाली. त्या ग्रंथात शीखगुरूंच्या रचनांवर दुपदे, चउपदे, अष्टपदी अशी मापे लिहिलेली असतात; गाण्याचे नाव शबद आणि त्याच्या कडव्याचे नाव पद. महाराष्ट्रात जो शब्द अख्ख्या गाण्याला आहे, तो पंजाबात त्याच्या तुकड्याला. गंमत अशी की तिकडे तमिळनाडूत भरतनाट्यमच्या मांडणीत 'शब्दम्' आणि 'पदम्' हे एकाच संध्याकाळी येणारे दोन वेगळे प्रकार आहेत.

उत्तरेकडे पद हा भक्तीचा सार्वजनिक रस्ता झाला. सूरदासांचा 'सूरसागर' पदांचा. तुलसीदासांनी रामकथा सांगायला चौपाई-दोहे घेतले, पण स्वतःचे गाऱ्हाणे मांडायला 'विनयपत्रिका' पदांतच लिहिली. कथेला एक साचा आणि काळजातल्या बोलण्याला दुसरा, हा विवेक त्यांनी केला. गुजरातेत नरसी मेहता. मथुरेकडच्या विष्णुपदांची नोंद अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी' त केली आहे. धृपद गायकीच्या नावातही पद आहेच. ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराच्या दरबारात पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सांध्यावर ती वाढली. पण तिथे नोमतोमची आलापी वाढत गेली, लयीचे खेळ वाढले आणि शब्दांच्या वाट्याला अखेरचा थोडा वेळ उरला. नावात पद, मैफलीत मात्र ते पाहुणे. खयालियांनी तर हे नावच टाकले. ते 'चीज' म्हणाले, 'बंदिश' म्हणाले. एक शब्द मालमत्तेचा, दुसरा बांधणीचा; अर्थ सांगण्याची जबाबदारी दोन्हींतून सुटलेली.

पूर्वेचे थोडक्यात. नेपाळच्या राजग्रंथालयात हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ साली सिद्धांची जी जुनी गाणी सापडली ती 'चर्यापद' म्हणून ओळखली जातात, आणि त्यांवरही रागांची नावे आहेत. जयदेवाच्या 'गीतगोविंद' ची अष्टपदी सगळ्या देशाला माहीत. मैथिलीत विद्यापती, बंगालीत वैष्णव कवींची पदावली. तिथे कवीला 'पदकर्ता' म्हणतात. तरुण रवींद्रनाथांनी जुन्या वैष्णव कवीचे सोंग घेऊन 'भानुसिंह ठाकुरेर पदावली' लिहिली. ती १८८४ साली पुस्तकरूपाने आली.

बीडच्या माणसाला जास्त जवळची वाटेल ती मात्र कानडी तऱ्हा. पुरंदरदासांच्या आणि इतर हरिदासांच्या रचना 'दासर पद', शिशुनाळ शरीफांची गूढ गाणी 'तत्त्वपद', इथवर ठीक. पण उत्तर कर्नाटकात फडातल्या सवाल-जबाबाचे 'गीगी पद', ढोलावरचे 'डोळ्ळिन पद' आणि जात्यावर दळताना म्हणतात तेही पदच. मराठी बाईला विचारा. जात्यावरच्या गाण्याला ती मरेस्तोवर पद म्हणणार नाही, ती ओवी. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे, म्हणजे हे नाव नऊशे वर्षांचे झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाने लाखभर ओव्या गोळा केल्या. १९९६ साली त्यांच्या चमूने माजलगावच्या भीमनगरात बायांकडून बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. विषय नवा, माणसे नवी, नाव तेच. कानडी जाते आणि मराठी जाते यांचा दगड एक, खुंटा एक, पहाटेची वेळ एक. गाण्याला मात्र सीमेच्या अलीकडे एक शब्द आणि पलीकडे दुसरा. मराठीत पद म्हटले की वहीत उतरवलेले, कुणी रचलेले, बहुधा पुरुषाच्या नावाचे. मुद्रेची सवय लागलेल्या या शब्दाने बायांच्या निनावी गाण्यापुढे दार लावून घेतले, असेही म्हणता येईल.

तेलुगूत पद तिरुपतीच्या डोंगरावरून उतरून थेट नायिकेच्या माजघरात शिरले. अन्नमाचार्यांना (१४०८ ते १५०३) 'पदकवितापितामह' म्हणतात. सतराव्या शतकात क्षेत्रय्याने मुव्वगोपालाच्या मुद्रेने जी पदे केली, त्यांत बोलते ती रुसलेली, वाट पाहणारी, कधी टोमणे मारणारी स्त्री. देव आहे, पण तो प्रियकर म्हणून, आणि वरच्या मजल्यावर राहणारा नव्हे. अशी पदे संथ लयीत गातात. संथ का, तर नाचणारीला एकाच ओळीचे दहा अर्थ डोळ्यांनी दाखवता यावेत म्हणून. वीणा धनम्माळ आणि त्यांची नात बालसरस्वती यांच्या घराण्याची ख्याती या पदांवरच उभी राहिली. शब्दांचा पहिला हक्क म्हणजे काय, हे पाहायचे तर तिथे.

तंजावरात मराठी माणूस या गोतावळ्यात सासरच्या वाटेने शिरला. व्यंकोजीराजांचा मुलगा शहाजी १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होता. शिवाजी महाराजांचा हा पुतण्या तेलुगूत पदे रचत होता. पुढे दुसऱ्या सरफोजीने उलटा व्यवहार केला: तमिळ कुरवंजी हा नृत्यनाट्याचा प्रकार घेतला आणि त्यात मराठी शब्द भरले. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तिथे गेले, आणि त्यांच्याकडून साकी, दिंडी, ओवी, अभंग, पद यांची शिदोरी उचलून तंजावर कृष्ण भागवतरांनी हरिकथेला रूप दिले. आजही तमिळ हरिकथेत साकी-दिंडीची नावे जशीच्या तशी उच्चारली जातात. म्हणणाऱ्याला ती मराठी आहेत हे कळत असेलच असे नाही.

केरळात कथकलीच्या साहित्यात श्लोक आणि पद अशी वाटणी असते. श्लोक कथा पुढे नेतो. पद म्हणजे पात्रांचे आपसातले बोलणे. नट तोंड उघडत नाही, मागचा गवई पद म्हणतो. हे वाचून मराठी नाटकवाल्याच्या तोंडी नकळत 'म्हणजे आमच्यासारखेच की' असे येईल.

कारण अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभे केले तेव्हा पदाकडे हेच काम दिले होते. पद म्हणजे संवाद. फक्त तो गायचा. म्हणून तर त्या सात अंकी नाटकात दोनशेच्या आसपास पदे आहेत. कोणी आले की पद, कोणी पाणी घातले की पद. आवाज लावून दाखवायला सवड नाही, कारण गोष्ट पुढे जायची आहे. किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, दोन्ही भाषांत वाढलेले. त्यांच्या कितीतरी पदांच्या चाली कानडी. छापील नाटकात पदाच्या वर 'चाल' लिहिण्याची रीत तेव्हापासून वाचकांच्या सवयीची झाली, आणि भजनी वहीतला तो 'चाल' शब्द हा तिचाच भाऊ.

पुढे चित्र पालटले. १९१६ च्या 'स्वयंवर' ला भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींच्या चाली दिल्या, बालगंधर्व गाऊ लागले आणि प्रेक्षक वन्समोअर मागू लागला. पदांची संख्या घटली, एकेकाची लांबी वाढली. रुक्मिणीने काय म्हटले यापेक्षा ते कसे म्हटले याला तिकीट लागले. या गाण्याने महाराष्ट्राचा कान घडवला, ही गोष्ट कोणी नाकारणार नाही. पण 'नाट्यपद' हा शब्द हळूहळू मागे पडून 'नाट्यसंगीत' आणि 'नाट्यगीत' पुढे आले, हा योगायोग नव्हे. मैफलीत नाटकाविना गायले जाणारे गाणे कोणाचा संवाद उरणार? मग भावगीत आले, सिनेमाचे गाणे आले, आणि पद पुन्हा देवळात आणि भजनी वहीत जाऊन बसले. शाळेच्या पुस्तकांनी संतांचे म्हणून अभंग तेवढे उचलले. दासोपंत, मध्वमुनीश्वर, अमृतराय, गोव्याकडचे सोहिरोबानाथ ही पदे लिहिणारी मंडळी परीक्षेत टिपा लिहिण्यापुरती राहिली. त्यातल्या त्यात सोहिरोबानाथांचे नशीब बरे. जितेंद्र अभिषेकींसारखा गायक त्यांच्या रचनांना भेटला. अंबाजोगाईला तसे कोणी भेटायचे आहे.

इथे तिरुपतीशी तुलना टाळता येत नाही. अन्नमाचार्यांची पदे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देवळातल्या एका कोठडीत ठेवली होती आणि लोक ती विसरून गेले होते. १९२२ च्या सुमारास ती उजेडात आली. पत्र्यांवर रागांची नावे होती, चाली नव्हत्या. देवस्थानाने पंडित बसवले, पाठ शुद्ध केले, छापले. राळ्ळपल्ली अनंतकृष्ण शर्मांसारख्या जाणत्यांनी चाली बांधल्या आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या आवाजात ती घरोघर गेली. चाली नव्या आहेत हे कोणी लपवले नाही, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडलेही नाही. पासोडीचे कापड आणि तांब्याचे पत्रे ही एकाच जिद्दीची दोन रूपे. फरक नंतरच्या कामात पडला. दासोपंतांच्या पदांवर रागांची नावे तशीच उभी आहेत, खाली शब्द आहेत. दोन्हींच्या मध्ये गळा नाही.

मराठवाड्यात गळ्यांची आणि हातांची वाण आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. अंबाजोगाई परिसरातल्या आपेगावचे पखवाजिये शंकरबापू आपेगावकर भजनाच्या ठेक्यापासून धृपदाच्या साथीपर्यंत पोहोचले आणि पद्मश्री झाले. ज्या वाद्याच्या गवसणीत ती वही असते, तेच वाद्य.

तेव्हा ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची भजनी वही आहे त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी एवढे करावे. 'पद' असे वर लिहिलेली पाने वेगळी काढावीत, शेवटच्या ओळीत 'दिगंबर' येतो का पाहावे, आणि येत असेल तर गावातल्या सगळ्यांत जुन्या भजन्याला बसवून ते म्हणून घ्यावे. तो म्हणेल ती चाल मोबाइलवर उतरवून घ्यावी. मूळ चाल कोणती, हा वाद नंतर घालता येईल.